टॉरकिलची शोकधून

एफी मॅकव्हिकरला आपल्या नवऱ्याने रचलेली धून पहिल्या बोलापासून शेवटच्या बोलापर्यंत पाठ होती, आणि तरी ती बॅगपाइपवर वाजलेली तिने एकदाही ऐकली नव्हती. तिनेच काय, ऑर्डलच्या दरीत कुणीच ऐकली नव्हती. कारण ती राजकन्या युस्टेशिया यांच्या निधनावर रचलेली शोकधून होती, आणि राजकन्या युस्टेशिया अगदी ठणठणीत होत्या.

राजघराण्यात काही माणसं जुन्या मोठ्या पातेल्यांसारखी असतात. टाकवत नाहीत, आणि रोजच्या फळीवर ठेवायला जागाही नसते. राजकन्या युस्टेशिया या राजेसाहेबांच्या चुलत आजी. त्यांना कधीतरी, राजेसाहेबांच्या आजोबांच्या काळात, हवापालटासाठी उत्तरेला ऑर्डलच्या किल्ल्यात पाठवलं होतं. मग त्यांना परत बोलवायचं सगळेच विसरले. पण राजकन्या म्हटली की लवाजमा आला. कारभारी आला, आचारीण आली, कपडे शिवायला-उसवायला एफी आली, आणि डोंगरातला किल्ला म्हटल्यावर पाइपर तर आलाच.

पाइपर म्हणजे एफीचा नवरा लाख्लन. त्याचा दर्जा असा, की बाईसाहेबांच्या कुत्र्यांच्या वर आणि आचारणीच्या खाली. रोज सकाळी, बाईसाहेबांची ओटची पेज वर गेली की, त्याने त्यांच्या खिडकीखाली येरझाऱ्या घालत वाजवायचं. पाऊस असो, गारा असोत, धुक्यात स्वतःचे बूट दिसत नसोत. रात्री पाहुणे असले की जेवणाच्या मेजाभोवती फेऱ्या मारत वाजवायचं. दक्षिणेकडून आलेले पाहुणे चमचा हवेत धरून बसत. हे चालू असताना घास गिळायला परवानगी असते की नाही, हे कुणी त्यांना सांगितलेलं नसे. तेवढा वेळ मात्र लाख्लनचा दर्जा कारभाऱ्याच्याही वर जाई, कारण त्याच्या वाजवण्यापुढे कारभाऱ्याला बोलता येत नसे. शेवटी बाईसाहेब त्याला स्वतःच्या हाताने व्हिस्कीचा पेला देत. तो एका घोटात रिकामा करून पेल्याच्या बुडाचं चुंबन घेई, आणि मागच्या दाराने घरी येऊन एफीला म्हणे, "आज एका बँकवाल्याच्या मांडीवर सूप सांडलं. शेवटपर्यंत हलला नाही. कूळ चांगलं असणार."

आता त्या शोकधुनेचं. बाईसाहेब सत्तरीच्या पुढे गेल्या तेव्हा राजधानीहून हुकूम आला, की त्यांच्या अंत्यविधीची तयारी करून ठेवावी. तयारी शब्द बरा दिसत नाही म्हणून त्या कामाला 'शरद व्यवस्था' असं नाव दिलं. शरद व्यवस्थेत सगळं ठरलं. कोणी कुठे उभं राहायचं, कोणाची टोपी कधी उतरायची, कुत्र्यांना कुठे कोंडायचं. आणि पाइपरने एक थोरली धून रचायची.

थोरली म्हणजे नाचाबिचाची नव्हे. आमच्याकडे नाचाच्या आणि चालण्याच्या धुनांना धाकटं संगीत म्हणतात. ते कुणीही रचतं. थोरलं संगीत संथ असतं. आधी मुखडा, मग त्याच मुखड्याचे एकावर एक फेरे, प्रत्येक फेऱ्यात बोटांचं काम वाढत जातं, आणि शेवटच्या फेऱ्यात तर बोटं दिसेनाशी होतात. मग सगळं थांबून पुन्हा तोच साधा मुखडा. अशी एक खरी धून आयुष्यात रचली तरी पाइपरने जन्माचं सार्थक झालं म्हणावं. लाख्लनने रचली. त्याला दोन हिवाळे लागले.

पण वाजवणार कुठे? जिवंत माणसाची शोकधून वाजवणं म्हणजे अपशकुन, हे दरीतली मेंढरंसुद्धा जाणत. त्यात किल्ल्याच्या कारभाऱ्याने ती गुप्त ठरवली. आणि बॅगपाइप काही कुजबुजत नाही. डोंगरापलीकडे वाजवला तरी बाईसाहेबांच्या खिडकीत ऐकू येई. म्हणून लाख्लन ती नुसती म्हणत असे. पाइपरांचे बोल असतात, तबल्याचे असतात तसे. हिओद्रो, हिहारिन, होदिन, हिआचिन. चुलीपाशी बसून, पाय हलवत, हळू आवाजात तो बोल म्हणे, आणि एफी मोजे विणत ऐके. ऐकून ऐकून तिलाही ते यायला लागले. कधी तो तिसऱ्या फेऱ्यात अडला तर ती टाके न मोडता पुढचा बोल सांगे.

दर हिवाळ्यात बाईसाहेब फ्रान्सच्या किनाऱ्यावर ऊन खायला गेल्या की शरद व्यवस्थेची रंगीत तालीम होई. शवपेटीत बाईसाहेबांच्या वजनाचे बटाटे भरत. सहा जण ती खांद्यावर घेऊन चॅपलपर्यंत नेत. मग कारभारी हातातल्या घड्याळाकडे बघत म्हणे, "आता पाइपर वाजवतो." लाख्लन पाइप खांद्यावर घेऊन उभा राही, आणि वाजवत नसे. धून जितकी लांब तितका वेळ सगळे बर्फाळ पावसात, उघड्या डोक्यांनी, बटाट्यांसमोर गप्प उभे राहत. अशा तालमींत सर्दी धरून दोन कारभारी वारले. त्यांच्या अंत्यविधीला तालीम नव्हती, पण ते व्यवस्थित पार पडले.

तिसरे कारभारी सर ऑब्री. सडपातळ, नम्र, आणि कुठलीही गोष्ट ठरवण्यापूर्वी ती पूर्वी ठरली होती का, हे बघणारे. ते आले तेव्हा बाईसाहेब नव्वदीच्या पुढे होत्या आणि काठीने कुत्र्यांना नव्हे, माणसांना हाकत होत्या.

त्याच वर्षी लाख्लनच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं तळहाताकडे वळायला लागली. आमच्या बाजूच्या पाइपरांचा हा जुना रोग. बोटं हळूहळू मिटतात आणि परत उघडत नाहीत. लोक म्हणतात, पाइपरांना कुणा जुन्या बाईचा शाप आहे. डॉक्टर म्हणाला, "शापबिप काही नाही, मी हाच रोग एका खाटकाला झालेला पाहिलाय." मग त्याने बोटं ओढून पाहिली आणि म्हणाला, "पुढच्या हिवाळ्यापर्यंत वाजवून घे."

लाख्लनने घरी येऊन हे सांगितलं आणि बूट पुसायला बसला. एफीने विचारलं, "आणि धून?"

"धून आहेच की. नवा पाइपर येईल, तो वाजवील."

"नवा कुठला?"

"पलटणीतला पाठवतील कुणीतरी. हात धडधाकट असलेला."

"त्याला तिसऱ्या फेऱ्यात काय कळणार आहे?"

"काही नाही कळणार," लाख्लन म्हणाला, आणि तोच बूट पुन्हा पुसला.

एफीला त्या रात्री कळलं, की आपण रोज देवाकडे बाईसाहेबांचं आयुष्य मागतो आणि रोज मनात त्यांच्या मरणाची वाट बघतो. बाईसाहेब तिला आवडत. तिला त्याची लाज वाटली. पण लाज वाटल्याने बोटं सरळ होत नाहीत.

मग उन्हाळ्याच्या अखेरीस टॉरकिल मेला.

टॉरकिल हा बाईसाहेबांचा डोंगरी घोडा. ठेंगणा, पांढरा, पोटाने रुंद. तरुणपणी त्याने डोंगरावरून शिकारीची हरणं उतरवली, म्हातारपणी बाईसाहेबांना वर नेलं. तो दोन कारभाऱ्यांना चावला होता आणि सर ऑब्रींकडे बघत असे. त्याला सांभाळणारा डूगी सकाळी दाराशी आला आणि टोपी काढून म्हणाला, "एफी, थोरलं माणूस गेलं." एफीला क्षणभर वाटलं बाईसाहेबच. तिच्या छातीत काहीतरी लक्कन हललं. ते दुःख होतं की दुसरंच काही, हे तिने तपासून पाहिलं नाही.

बाईसाहेबांनी हुकूम सोडला. टॉरकिलला किल्ल्यासमोरच्या टेकडीवर पुरायचं, सगळ्यांनी काळे कपडे घालायचे, आणि पाइपरने त्याच्यासाठी शोकधून वाजवायची. साधी चाल नाही. थोरली, नवी, त्याच्या एकट्याची.

लाख्लन वर जाऊन सांगून आला, की बाईसाहेब, थोरली धून दोन दिवसांत होत नाही. आयुष्यात तो पहिल्यांदा त्यांना नाही म्हणाला होता. घरी आला तो टोपी न काढताच चुलीपाशी बसला.

एफी म्हणाली, "तुझ्याकडे एक तयार आहे."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"हिवाळ्यानंतर तुझ्याने ती वाजणार नाही. बाईसाहेब शंभरी गाठणार. मग कुणीतरी पलटणीतला पोऱ्या येऊन ती बँडसारखी वाजवणार, आणि तू टोपी काढून ऐकणार."

"अगं, ती राजाच्या घरातल्या बाईची धून आहे."

"तिने मागितली होती का?"

"घोड्यावर घालवू? माझा बाप काय म्हणेल?"

"तुझा बाप मेलाय. त्याची शोकधून कोणी रचली?"

लाख्लन उठला. त्याच्या बापाची शोकधून कोणीच रचली नव्हती. बाप थोर पाइपर होता, पण पाइपर इतरांसाठी वाजवतात. तो म्हणाला, "म्हातारे, हा विषय पुन्हा काढू नकोस." आणि बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी बाईसाहेबांनी एफीला वर बोलावलं. काळा पोशाख कमरेत सैल करायचा होता. तो शेवटचा घातला तो दुसऱ्या कारभाऱ्याच्या अंत्यविधीला, आणि त्यानंतर बाईसाहेब अंगाने सुधारल्या होत्या. त्या स्टुलावर उभ्या राहिल्या, एफी तोंडात टाचण्या धरून खाली बसली.

"तुझा नवरा माझ्यावर रागावलाय का, एफी?"

एफीने टाचण्या काढल्या. "नाही, बाईसाहेब."

"मग घोड्याला धून का नाही? ऑब्री म्हणतो, घोड्यासाठी कधी थोरली धून वाजल्याचं आढळत नाही. मी म्हटलं, मग आता आढळेल."

"धून रचायला वेळ लागतो, बाईसाहेब. वर्ष जातं."

"मग टॉरकिलने आधी सांगायला हवं होतं."

एफीने शिवण उसवली. एक टाका, दुसरा टाका. मग तिने खालीच बघत सांगून टाकलं. "एक धून तयार आहे. पण ती तुमची आहे."

स्टूल करकरलं. मग बाईसाहेबांनी विचारलं, "माझी म्हणजे? मी मेल्यावरची?"

"हो."

"कोणी सांगितली रचायला?"

"राजधानीहून हुकूम होता. पहिल्या कारभारीसाहेबांनी सांगितलं."

"तो तर केव्हाच मेला."

"हो. तुमच्या तालमीतच सर्दी धरली."

"तालमी पण होतात?"

एफीला वाटलं, आता गेलो आपण. पण बोललेलं गिळता येत नाही. "तुम्ही फ्रान्सला गेलात की. शवपेटीत बटाटे असतात."

बाईसाहेब स्टुलावर हलल्या. एफीने वर पाहिलं. त्या हसत होत्या, आवाज न करता, पोट हलत होतं, आणि उसवलेली शिवण आणखी उसवत होती.

"आचारणीला वाटत होतं, मला बटाटे आवडतात म्हणून एवढे मागवतात," त्या म्हणाल्या. मग गंभीर झाल्या. "कशी आहे धून?"

"मी ऐकली नाही. म्हणजे पाइपवर नाही. बोल येतात मला."

"म्हण बरं."

एफी जमिनीवर बसून, हातात कात्री, बोल म्हणायला लागली. हिओद्रो, हिहारिन. सगळी नाही, मुखडा आणि पहिला फेरा. बाईसाहेबांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"मी इतकी चांगली नव्हते," त्या शेवटी म्हणाल्या. "टॉरकिल होता. घोड्याला दे ती."

"मग तुमच्यासाठी काही उरणार नाही."

"माझ्यासाठी बटाटे आहेत की. आणि मी त्यातली एक ओळ तरी ऐकणार आहे का? उद्या ऐकेन तरी." मग त्यांनी काठी टेकली. "रागावला की नवरा मारतो का तुला?"

"नाही, बाईसाहेब. तो गप्प बसतो."

"ते वाईट," बाईसाहेब म्हणाल्या.

एफीने घरी येऊन सगळं सांगितलं, आणि लाख्लन खरंच गप्प बसला. रात्रभर. सकाळी त्याने पाइपच्या पिशवीत मध आणि मेंढीची चरबी चोळली, बोरूच्या पाती ओठात धरून ओल्या केल्या, आणि तीनही लांब नळ्या सुरात लावल्या. एफीने त्याचे ठेवणीतले मोजे काढून दिले. त्याने ते घेतले, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

सर ऑब्री मात्र रात्रीत विचार करून आले होते. त्यांनी लाख्लनला अंगणात गाठलं. "मॅकव्हिकर, बाईसाहेबांची इच्छा आपल्याला मान्यच आहे. पण शरद व्यवस्थेचंही बघायला हवं. तेव्हा धून वाजवा, फक्त नाव घेऊ नका. बिननावाची वाजवा. म्हणजे पुढे, योग्य वेळी, ती पुन्हा वापरता येईल."

"नाव घेतल्याशिवाय थोरली धून वाजवत नाहीत, साहेब."

"कोणी म्हटलंय असं?"

"सगळ्यांनी."

"लिहिलेलं आहे का कुठे?"

लाख्लनने त्यांच्याकडे पाहिलं. टॉरकिल बघायचा तसंच. सर ऑब्री एक पाऊल मागे सरले.

आमच्याकडे हे खरंच आहे. थोरली धून वाजवण्याआधी पाइपर तिचं नाव मोठ्याने सांगतो. पहिल्यांदा ज्याचं नाव घेतलं, त्याची ती धून कायमची. मग ती कुणी बदलू शकत नाही, राजासुद्धा नाही. बारशासारखंच, फक्त उलट्या टोकाला.

टेकडीवर वारा होता. खड्डा मोठा खणलेला होता, डूगी आणि चार गडी घामाने भिजलेले. टॉरकिलवर बाईसाहेबांच्या घरच्या रंगाचं पांघरूण होतं. आचारीण रडत होती. तिचं घोड्याशी कधी पटलं नव्हतं, पण काळे कपडे घातले की तिला रडू येई. कुत्रे कोंडायला कुणाला आठवलं नव्हतं. ते खड्ड्याभोवती हुंगत होते. बाईसाहेब खुर्चीवर बसायला तयार नव्हत्या. काठीवर भार देऊन उभ्या होत्या, जिवंत, गुलाबी गालांच्या, आणि लाख्लन पाइप खांद्यावर घेऊन त्यांच्यासमोर उभा होता.

एफी आचारणीशेजारी उभी होती. तिला वाटलं, तो त्यांचंच नाव घेईल. रागाने नाही, हट्टाने. त्याने दोन हिवाळे ज्यांच्यासाठी घालवले त्यांचं नाव. आणि घेतलं तर बाईसाहेबांसमोर, सगळ्यांसमोर, जिवंतपणी त्यांची तिरडी बांधल्यासारखं होईल. सर ऑब्रींनी डोळे मिटून घेतले होते.

लाख्लनने बाईसाहेबांकडे पाहिलं, घोड्याकडे पाहिलं. मग खड्या आवाजात म्हणाला, "टॉरकिलची शोकधून."

आणि वाजवली.

पहिल्यांदाच ऐकत होती एफी. तिला एकेक बोल माहीत होता, आणि तरी ती कुणा अनोळखी बाईला भेटावं तशी त्या धुनेला भेटत होती. चुलीपाशी ती किती बारीक होती. इथे ती टेकडीभर पसरली, नदीवर गेली, पलीकडच्या डोंगरावर आपटून परत आली. कुत्रे बसले. डूगीने टोपी तोंडावर धरली. तिसरा फेरा आला. एफीचे ओठ हलत होते, तो अडला नाही. मग शेवटचा फेरा सुरू झाला आणि तिने पाहिलं, की त्याची दोन बोटं भोकांवर पोचत नाहीत. सूर दोनदा फाटला. लाख्लनने फेरा तिथेच सोडला, एक श्वास भरला, आणि सरळ मुखड्यावर परत आला.

फेरा अर्धा राहिला, हे कुणाला कळलं नाही. फक्त एफीला, आणि कदाचित बाईसाहेबांना, कारण त्यांनी रोजच्यासारखा पेला त्याच्या हातात दिला तेव्हा त्या बोटांवर क्षणभर आपला हात ठेवला. "घोड्याला पुरेसं होतं," त्या म्हणाल्या.

घरी जाताना लाख्लन एफीशी बोलला. "खालच्या सुराची पात थोडी ओली होती."

"मला नाही जाणवलं."

"तुला काय कळतंय," तो म्हणाला. एफीला फार बरं वाटलं.

पुढचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. सर ऑब्रींनी दक्षिणेतल्या एका संगीतकाराकडून पितळी वाद्यांची नवी शोकधून करवून घेतली. तिच्या तालमी होत राहिल्या. सर ऑब्री गेल्यावरही बाईसाहेब काही वर्षं जगल्या, आणि शेवटी इतक्या जोराच्या वादळात गेल्या, की पितळी वाद्यांचं कुणाला काही ऐकू आलं नाही. त्यांच्या नावाची धून कुणी वाजवत नाही.

टॉरकिलची मात्र वाजते. तिच्याबद्दल ऐकून आलेल्या एका पाइपरने ती लाख्लनकडून बोल म्हणून शिकून घेतली, त्याच्याकडून दुसऱ्याने घेतली, आणि ओबान गावातल्या पाइपरांच्या स्पर्धेत तिचा पुकारा झाला तेव्हा लाख्लन आणि एफी प्रेक्षकांत मागच्या रांगेत बसले होते. मंचावर ग्लासगोचा एक ट्रामवाला आला. जाड, लाल मानेचा. त्याने नाव सांगितलं: टॉरकिलची शोकधून.

एफीच्या शेजारी एका कुळाच्या मंडळाचे चिटणीस बसले होते. छातीवर बिल्ले होते. ते हलक्या आवाजात तिला समजावू लागले. "हा टॉरकिल म्हणजे आमचा सातवा सरदार. लढाईत पडला. पलीकडच्या कुळाचे लोक म्हणतात त्यांचा आहे. गेल्या सभेत खुर्च्या उचलल्या गेल्या. पण ही धून ऐका, असा शोक फक्त आमच्या सरदारासाठीच होऊ शकतो."

"असेल," एफी म्हणाली.

"तुम्हाला काही माहिती आहे त्याची?"

"आमच्या शेजारचेच होते. स्वभावाने तापट, पण चढणीला पक्के."

"थोर माणसं अशीच असतात," चिटणीस म्हणाले आणि त्यांनी रुमाल काढला.

ट्रामवाला वाजवत होता. मुखडा, पहिला फेरा, दुसरा. लाख्लनचा मिटलेला डावा हात गुडघ्यावर पडला होता, उजव्या हाताची बोटं पँटच्या कापडावर चालत होती. शेवटचा फेरा आला, जो टेकडीवर अर्धाच राहिला होता.

"घाई करतोय," लाख्लन पुटपुटला.

एफीने त्याला कोपराने ढोसलं. ट्रामवाल्याची बोटं आता दिसत नव्हती. लाख्लन पुढे वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला.

"नाही," तो म्हणाला. "बरोबर आहे."